मोठ्या माणसाने पापनिवेदनाची तयारी कशी करावी?

पानमळा | ८ मार्च २०२५, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. राखेचा बुधवार नुकताच झाला आणि उपवासकाळ सुरू झाला. यंदा आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या हद्दीतील) तेवीस मुलामुलींना प्रथम पापनिवेदनासाठी, म्हणजे धर्मगुरूसमोर आपली पापे सांगून क्षमा घेण्याच्या संस्कारासाठी, तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो, असा आमच्या फादरांचा समज आहे आणि तो फारसा चुकीचा नाही.

वर्गासाठी मी दहा आज्ञांच्या क्रमाने प्रश्न काढत बसलो होतो. आईवडिलांचे ऐकले का, खोटे बोललास का, न विचारता कुणाची वस्तू घेतलीस का, असे साधे प्रश्न. ते लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की मी स्वतः आजही याच प्रश्नांची उत्तरे फादरांना देत असतो. माझे प्रथम पापनिवेदन १९६९ साली झाले. तेव्हापासून माझी पाच वाक्ये ठरलेली आहेत : खोटे बोललो, रागावलो, प्रार्थना चुकवली, रविवारी मिस्साला (चर्चमधील उपासनेला) उशिरा पोहोचलो, मनात वाईट विचार आले. मधल्या काळात मी संसार केला, दोन मुलींची लग्ने केली, ओळखीच्या माणसांच्या कर्जाच्या कागदांकडे काही वेळा काणाडोळा केला आणि सख्ख्या भावाशी सात वर्षे बोललो नाही. यांतले काहीही त्या पाच वाक्यांत कधी आले नाही. मी लपवले असे म्हणवत नाही. ते सांगायचे असते हेच मला सुचले नाही.

तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. आपण प्रौढ माणसे पापनिवेदनाला जाण्यापूर्वी नेमकी काय तयारी करता? आणि या संस्काराचे मोल आपल्याला खरोखर वाटते, की पास्काच्या (ईस्टरच्या) सणाआधी घराची रंगरंगोटी करावी तसे ते एक उरकायचे काम झाले आहे?

जुना_वेदीसेवक | ८ मार्च, रात्री १०.१५

सर, आपली निदान पाच वाक्ये आहेत. माझी तीनच आहेत आणि त्यातले एक मी दर वर्षी विसरतो.

तयारीबद्दल विचाराल तर आमच्याकडे सर्वांत कसून तयारी रांग निवडण्याची होते. उपवासकाळात आसपासच्या धर्मग्रामांतून तीन-चार फादर येऊन बसतात, तेव्हा आपल्याला ओळखणाऱ्या फादरांसमोर दोन म्हाताऱ्या असतात आणि बाहेरगावच्या पाहुण्या फादरांसमोरची रांग दारापर्यंत गेलेली असते.

मोगरी | ९ मार्च, सकाळी ६.५०

पानमळा सर, मी परिचारिका आहे आणि विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या ही तयारी करण्याची सवय मला लागली आहे, म्हणून माझी पद्धत सांगते. मी दहा आज्ञांऐवजी दहा माणसे घेते. नवरा, मुलगा, सासूबाई, शेजारीण, वॉर्डातली मावशी, रात्रपाळीला माझ्या हाताखाली असलेल्या नवीन मुली, अशा एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणते आणि त्या माणसाला गेल्या महिन्यात माझ्यामुळे काय सोसावे लागले, हे आठवते. ‘मी रागावले’ हे वाक्य मग आपोआप बदलते. मी कुणावर रागावले, तर जी उलट बोलू शकत नव्हती त्या मुलीवर, आणि मोठ्या डॉक्टरांचा राग तिच्यावर काढला. एवढे नेमके आठवले की पश्चात्ताप मुद्दाम आणावा लागत नाही.

आणखी एक अनुभव थोडा बाजूचा आहे. मी सहा वर्षे दुबईला होते आणि तिथे इंग्रजीत पापनिवेदन करत असे. ते फार सोपे जायचे. गावी परत आल्यावर पहिल्यांदा मराठीत सांगायला बसले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. परक्या भाषेतले पाप जणू दुसऱ्याच कुणाचे असते. माझी आजी तर कादोडीतच, आमच्या वसईकडच्या बोलीतच, सांगायची आणि फादरांना समजले नाही तर पुन्हा सांगायची.

तेरेखोल | ९ मार्च, सकाळी ११.०५

आम्ही सावंतवाडीकडचे. आमच्या घरात याला ‘कुमसार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोन्फेसार’ वरून आला आहे. ‘कुमसाराक गेलंय’ म्हटले की त्यातले गांभीर्य मला अजूनही ‘कन्फेशनला गेलो’ या शब्दांत सापडत नाही. भाषेबद्दल मोगरीताईंनी जे लिहिले त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

मात्र दहा माणसांच्या पद्धतीशी मी पूर्ण सहमत नाही. पहिल्या तीन आज्ञा देवाविषयी आहेत आणि त्या माणसांच्या यादीत कुठेच बसत नाहीत. मी वर्षभर प्रार्थनेकडे पाठ फिरवली, तर त्यामुळे माझ्या शेजारणीला काहीही सोसावे लागणार नाही. म्हणून ते पाप नाही असे होत नाही. शिवाय गंभीर पापे त्यांच्या प्रकारासह आणि संख्येसह सांगावीत असे चर्चचा कायदा सांगतो (कलम ९८८), आणि त्यासाठी आज्ञांची चौकट उपयोगी पडते. चौकट जुनी झालेली नाही, आपण तिच्यात लहानपणीची उत्तरे भरतो, एवढेच. सातवी आज्ञा चोरीबद्दल आहे. मुलाला ती पेन्सिलीबद्दल विचारते, आणि पानमळा सरांना कर्जाच्या कागदांबद्दल विचारायला तिला कुणी मनाई केली होती?

पानमळा | ९ मार्च, दुपारी १.२०

तेरेखोल, बाण बरोबर बसला.

साधा_वाचक | ९ मार्च, दुपारी ३.४५

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा आदराने वाचत आहे. पूजेच्या शेवटी आमच्याकडे ‘पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः’ असे म्हणतात. ते देवाला उद्देशून असते, आणि ते म्हणताना कुणी आपले विशिष्ट पाप आठवतो असे माझ्या पाहण्यात नाही. माझी शंका अशी आहे की देवाला सर्व ठाऊक असेल, तर मधे दुसऱ्या माणसाला सांगण्याची गरज काय? इतिहासाच्या पुस्तकात मी असेही वाचले होते की ही प्रथा १२१५ साली चर्चने लोकांवर वचक ठेवण्यासाठी सुरू केली. हे खरे आहे का?

नगरी_पाळकपुत्र | ९ मार्च, सायंकाळी ७.३०

मी प्रोटेस्टंट घरातला आहे. आमच्या उपासनेत सर्व मंडळी मिळून पापांगीकाराची प्रार्थना करते आणि त्यानंतर पाळकसाहेब क्षमेचे वचन वाचतात. साधा_वाचक यांनी विचारलेलाच प्रश्न माझ्या वडिलांनीही आयुष्यभर विचारला. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने खाजगी पापनिवेदन मोडीत काढले नव्हते. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग येथील विश्वासपत्रिकेत ते चालू ठेवावे असेच म्हटले आहे. सर्व पापांची मोजदाद करण्याची सक्ती तेवढी तिला मान्य नव्हती. पुढे आमच्याकडे ती प्रथा मागे पडली. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना कुणाशी तरी एकांतात बोलायचे होते, हे मला आता कळते. सर्वांबरोबर म्हणायच्या प्रार्थनेत त्यांना त्यासाठी जागा सापडली नाही.

एक_धर्मगुरू | १० मार्च, सकाळी ५.३०

मी एका खेडेगावातील धर्मग्रामात सेवा करतो. माझी ओळख सांगत नाही, कारण माझ्या गावचे लोक हा धागा वाचत असतील तर शनिवारी ते दुसऱ्या रांगेत जाऊन बसतील.

साधा_वाचक, आपण सांगितलेले वर्ष बरोबर आहे, पण त्या वर्षी घडले ते वेगळे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक भाविकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम घातला. पापनिवेदन त्याच्या कितीतरी आधीपासून होते. पहिल्या शतकांत खून, व्यभिचार, श्रद्धात्याग अशा पापांसाठी उघड आणि दीर्घ प्रायश्चित्त करावे लागे आणि साधारणपणे ते आयुष्यात एकदाच मिळे. त्यामुळे कित्येक जण मरणकाळापर्यंत ते पुढे ढकलत. एकांतात आणि पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन सहाव्या शतकानंतर मुख्यतः आयर्लंडच्या संन्याशांमुळे युरोपभर पसरले. धर्मगुरू आणि पापनिवेदक यांच्यामध्ये जाळी असते ती लाकडी पेटी तर सोळाव्या शतकातली आहे. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी ती रूढ केली. वचक बसवण्यासाठी काही धर्मगुरूंनी या संस्काराचा वापर केला नाही असे मी म्हणणार नाही, पण त्याचा उगम वचकात नाही. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांवर फुंकर घातली आणि ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल असे सांगितले (योहान २०), तिथे चर्च या संस्काराचे मूळ पाहते.

‘दुसऱ्या माणसाची गरज काय’ या प्रश्नाला मी पेटीत बसून जे शिकलो त्यातून उत्तर देतो. मनातल्या मनात माणूस एकतर स्वतःचा वकील असतो नाहीतर फाशी देणारा. तीच गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालण्यासाठी तिला वाक्याचे रूप द्यावे लागते, आणि वाक्य करायचे म्हटले की कर्ता लागतो. ‘तसे घडले’ म्हणत आलेला माणूस माझ्यासमोर अडखळतो आणि ‘मी केले’ म्हणतो, तेव्हा पुष्कळसे काम झालेले असते. आणि क्षमाही त्याला मोठ्याने, त्याच्या एकट्यासाठी उच्चारलेली ऐकू येते. मला स्वतःलाही दुसऱ्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकूनच ती ऐकावी लागते. स्वतःला क्षमा करण्याची सोय आम्हाला नाही. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या महामंदिरात इतरांचे पापनिवेदन ऐकायला बसण्याआधी स्वतःच एका साध्या धर्मगुरूसमोर जाऊन गुडघ्यांवर बसले होते, ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल.

तयारीबद्दल माझी एकच विनंती आहे. कृपया आपली पापे घेऊन या. माझ्याकडे सुनांची पापे सासवा सांगतात, सासवांची सुना सांगतात, आणि नवऱ्यांची पापे तर दोघीही सांगतात. पुरुष तेवढे आपलीच पापे सांगतात, पण ती कुणा दुसऱ्यामुळे घडली हे आधी सांगतात.

जुना_वेदीसेवक | १० मार्च, सकाळी ८.१०

फादर, ‘पुरुष तेवढे’ एवढ्यापर्यंत वाचून मी छाती फुगवली होती.

अबोल | १० मार्च, रात्री ११.५५

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार करत होते. मी सतरा वर्षांची असताना, मला जे सांगायला अतिशय जड जात होते ते एकदा धीर करून सांगितले. पलीकडून मोठ्या आवाजात प्रश्न आले, मग उपदेश आला, आणि मी बाहेर पडले तेव्हा रांगेतल्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी किती ऐकले हे मला आजही ठाऊक नाही. ते धर्मगुरू कोण आणि ते चर्च कोणते हे मी सांगणार नाही. त्या गोष्टीला बावीस वर्षे झाली. मी मिस्साला जाते, जपमाळ म्हणते, पण त्या पेटीकडे जाताना पाय थांबतात. तयारीची चर्चा तुम्ही सर्व जण पाप करणाऱ्याच्या बाजूने करत आहात; ऐकणाऱ्याने काय तयारी करावी हेही कुणीतरी लिहा.

एक_धर्मगुरू | ११ मार्च, सकाळी ५.१५

अबोलताई, आपण लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे. ज्यांनी आपल्याशी तसे वर्तन केले त्यांच्या वतीने क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही, तरी त्याच वस्त्रातला एक माणूस म्हणून मला लाज वाटली. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली धर्मगुरूंना स्पष्ट बजावले होते की पापनिवेदनाची जागा ही छळाची कोठडी असता कामा नये. आमची तयारी कोणती, असे आपण विचारलेत. बसण्याआधी मी माझे अलीकडचे एखादे पाप आठवतो. त्यामुळे आवाज आपोआप खाली येतो. आवश्यक नसलेला प्रश्न विचारू नये, विशेषतः सहाव्या आज्ञेविषयी कुतूहलाने काहीही विचारू नये, हे आम्हाला शिकवलेले असते. ते सर्वांच्या लक्षात राहत नाही.

आपल्याला जावेसे वाटले, तर पेटी आवश्यकच आहे असे नाही. १९७३ च्या नव्या विधीनुसार समोरासमोर बसूनही हा संस्कार घेता येतो. आधी फोन करून, रांग नसलेल्या वेळी, आपल्याला विश्वास वाटेल अशा कोणत्याही धर्मगुरूकडे जाता येते. सुरुवातीला ‘मागच्या वेळी मला दुखावले गेले होते’ एवढे एकच वाक्य सांगितले तरी समोरचा माणूस सावध होईल. आणि जावेसे वाटले नाही, तर तेही मी समजू शकतो.

मोगरी | ११ मार्च, सकाळी ७.०५

अबोल, तुम्ही बोलावलेत तर मी सोबत येईन आणि बाहेर लांब बसून राहीन, म्हणजे रांगेत ऐकण्याच्या अंतरावर कुणी उभे राहणार नाही. रुग्णालयात आम्ही पडद्याबाहेर उभ्या राहतो, तसेच.

वकीलबाई | ११ मार्च, रात्री ९.२०

गोपनीयतेचा विषय निघालाच आहे म्हणून कायद्याची बाजू मांडते. चर्चच्या कायद्यात पापनिवेदनाची मोहर, म्हणजे ऐकलेले कुणालाही न सांगण्याचे धर्मगुरूवरील बंधन, अभंग आहे आणि ती थेट फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो. भारतीय कायद्यात मात्र वकील आणि अशील यांच्यातील संवादाला जसे स्पष्ट संरक्षण आहे, तसे धर्मगुरू आणि पापनिवेदक यांच्यातील संवादाला १८७२ च्या पुरावा कायद्यात नव्हते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या अधिनियमातही दिलेले नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, असे पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते. २०१८ साली केरळमधील एका प्रकरणानंतर राष्ट्रीय महिला आयोगाने पापनिवेदनाची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली होती. ते प्रकरण कॅथलिक नव्हे तर ऑर्थोडॉक्स चर्चमधील होते, पण चर्चा सर्वांच्याच दारी आली.

मी स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहे आणि मोहर असावी असे मला वाटते. ती नसेल तर कुणी काही सांगणारच नाही. तरीही एखाद्या मुलाचे आयुष्य पणाला लागलेले असताना ‘मोहर’ हा शब्द उच्चारून आपण मोकळे होऊ शकत नाही. फादर, अशा वेळी धर्मगुरू काय करतो?

एक_धर्मगुरू | १२ मार्च, सकाळी ५.४०

वकीलबाई, याचे सोपे उत्तर नाही आणि असल्याचा आव मी आणत नाही. पोलिसांत हजर हो, तरच क्षमा करीन, अशी अट मी घालू शकत नाही. २०१९ साली व्हॅटिकनने हे पुन्हा स्पष्ट केले. पण खरा पश्चात्ताप नसेल, म्हणजे ते कृत्य थांबवण्याचा निश्चयच नसेल, तर क्षमेचे शब्द उच्चारता येत नाहीत. आणि पीडित मूल स्वतः सांगत असेल, तर ते त्याचे पाप नाही हे त्याला ठामपणे सांगणे, आणि संस्काराबाहेर, विश्वासू मोठ्या माणसाजवळ हे बोल असे त्याला पटवणे, माझ्या हातात असते. त्या रात्री झोप लागत नाही, एवढेच मी सांगू शकतो.

बांधावरचा | १४ मार्च, रात्री १०.४५

पानमळा सरांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण माझी गोष्ट थेट त्या पाच वाक्यांशी संबंधित आहे.

आमची केळीची वाडी आहे आणि तिला लागून दूरच्या नात्यातल्या एका काकूंची वाडी आहे. १९९८ साली मी कुंपणाची भिंत बांधली तेव्हा काकू एकट्या होत्या आणि त्यांचा मुलगा परगावी होता. मी भिंत दोन फूट पलीकडे सरकवली. शंभर फूट लांबीची भिंत होती. गावाकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात, ते मी विटा आणि सिमेंटने केले. त्यानंतर सतरा वर्षे मी दर उपवासकाळात ‘मी लोभी आहे’ असे पापनिवेदनात सांगत होतो, प्रत्येक वेळी प्रायश्चित्त म्हणून पाच ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणत होतो आणि मला खरोखर हलके वाटत होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हलके वाटणे हा पुरावा धरता येत नाही.

२०१५ साली नवीन आलेल्या एका तरुण फादरांनी विचारले, “लोभ कशाचा?” मी म्हणालो, “जमिनीचा.” ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ती जमीन आता कुणाकडे आहे?” मला घाम फुटला. त्यांनी आवाज चढवला नाही. देणे परत करण्याचा मनापासून निश्चय असेल तर क्षमा आजच आहे, पण निश्चय म्हणजे मोजणीचा अर्ज, नमो मारिया नव्हे, असे त्यांनी सांगितले.

पुढची दोन वर्षे सुखाची गेली असे समजू नका. भिंत पाडायला पैसे लागतात, आणि चोरीचा माल परत करायलाही खर्च येतो हे मला तेव्हा कळले. बायको म्हणाली की सतरा वर्षे कुणी विचारले नाही, आता गावात शोभा कशाला करता? काकू तोवर वारल्या होत्या. त्यांच्या मुलाकडे गेलो, तर तो चहा न विचारता म्हणाला, “यामागे डाव काय आहे?” त्याने आधी वकिलाचा सल्ला घेतला. शेवटी सरकारी मोजणी झाली, भिंत पाडली आणि मूळ हद्दीवर नवी बांधली. तो अजूनही माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतो. काकूंना ते दोन फूट परत मिळाले नाहीत, ही बोच मात्र राहिली आणि ती राहावी असेच मला वाटते.

म्हणून सर, माझी तयारी आता तीन शब्दांची आहे. प्रत्येक वाक्यापुढे मी ‘कशाचा’, ‘कुणाला’, ‘किती’ असे विचारतो.

तेरेखोल | १५ मार्च, सकाळी ९.३०

बांधावरचा, आपल्या लिखाणानंतर कलम ९८८ चा आधार देणे मला जरा हास्यास्पद वाटू लागले आहे. ‘प्रकार आणि संख्या’ हे मी हिशेबाच्या वहीसारखे वाचत होतो. दोन फूट गुणिले शंभर फूट, असे ते वाचायचे असते.

कृष्णाकाठ | १५ मार्च, दुपारी १२.१५

आम्ही सांगलीकडचे जैन. पर्युषणाच्या अखेरीस प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या दोषांची उजळणी, झाले की आम्ही सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. आता ते व्हॉट्सअॅपवर एका कळीसरशी चारशे लोकांना जाते, आणि ज्या एका माणसाची क्षमा मागायला हवी असते तोही त्या चारशेंत असतो, त्यामुळे त्याला वेगळे काही म्हणावे लागत नाही. आपली पाच वाक्ये वाचून ते आठवले.

ओंजळ | १६ मार्च, रात्री १.१०

माझा त्रास याच्या उलट आहे. मी जाऊन आले की रस्त्यातच वाटते की एक पाप सांगायचे राहिले, किंवा नीट सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. बांधावरचा यांचे ‘किती’ वाचून माझ्या पोटात गोळा आला. नेमकेपणाचा आग्रह माझ्यासारखीला औषध नाही, विष आहे.

एक_धर्मगुरू | १६ मार्च, सकाळी ५.२०

ओंजळताई, हा धागा आपल्यासाठी नाही असे मी प्रेमाने सांगतो. मनात सतत शंकेचा किडा वळवळणे हा पापाचा पुरावा नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी १५२२ साली मोंत्सेर्रात येथे तीन दिवस घेऊन आयुष्यभराचे पापनिवेदन केले, आणि तरीही पुढे मान्रेसा येथे काहीतरी राहिले असेल या शंकेने ते इतके पोखरले गेले की जीव नकोसा झाला. प्रामाणिकपणे विसरलेले पापही क्षमेत येते. पुढे आठवले आणि ते गंभीर असले, तर पुढच्या वेळी सांगावे, इतकेच. आपण एकच धर्मगुरू निवडा, महिन्यातून एकदाच जा आणि तो ‘पुरे’ म्हणाला की थांबा. शंका झोप उडवत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. त्यात श्रद्धेची कमतरता नाही.

पानमळा | ३० मार्च, रात्री ८.३०

बरेच दिवस लिहिले नाही. काल शनिवारी, ‘प्रभूसाठी चोवीस तास’ या उपक्रमानिमित्त आमचे चर्च रात्रभर उघडे होते. मी रात्री साडेदहाला गेलो, कारण त्या वेळी रांग नसेल असा अंदाज होता. रांग होती आणि तिच्यात माझे दोन जुने सहकारी होते. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

मी काय सांगितले ते इथे लिहिणार नाही. पाच वाक्यांऐवजी तीनच झाली, पण त्यांना वीस मिनिटे लागली. आज सकाळी मिस्सानंतर भावाला फोन केला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी त्याच्या मुलीचा फोन आला आणि ‘बाबांनी विचारले आहे की काम काय होते’ असे ती म्हणाली. काम काही नव्हते, असे मी सांगितले. गुरुवारी पुन्हा करीन.

मुलांसाठी काढलेले प्रश्न मी बदलले. ‘खोटे बोललास का’ याऐवजी ‘कुणाशी खोटे बोललास आणि मग काय झाले’ असे विचारले. एका मुलाने लिहिले की त्याने धाकट्या बहिणीला सांगितले होते की तिला कचऱ्यातून आणले आहे, आणि ती दोन रात्री झोपली नाही. आता त्याला तिची क्षमा फादरांकडे जाण्याआधी मागायची की नंतर, असे त्याने मला विचारले. मी आधी असे सांगितले. बरोबर सांगितले ना, फादर?

एक_धर्मगुरू | ३१ मार्च, सकाळी ५.१०

बरोबर सांगितले. आधी भावाशी समेट कर आणि मग वेदीपाशी ये, असेच प्रभूनेही सांगितले आहे.

जुना_वेदीसेवक | ३१ मार्च, सकाळी ८.४५

सर, एक व्यावहारिक सूचना करतो. मुलांच्या हातात पापांचे कागद देत असाल तर ते परत कुठे जातात याची व्यवस्था करा. आम्ही वेदीसेवक असताना प्रथम पापनिवेदनाच्या दिवशी बाकांखाली निदान चार-पाच याद्या सापडत. त्यातली एक तर स्पष्टपणे आईच्या अक्षरातली होती आणि तिच्यात ‘आजीला उलट उत्तरे देतो’ या वाक्याखाली दोनदा रेघ मारलेली होती.

वकीलबाई | ३१ मार्च, सकाळी ९.३०

चर्चच्या कायद्याच्या कलम ९८३ नुसार पापनिवेदनातील पापे ज्याला कोणत्याही मार्गाने कळली, त्या प्रत्येकावर गुप्ततेचे बंधन आहे. रांगेतून कानावर पडले तरीही. तेव्हा जुना_वेदीसेवक, आजीबद्दलचे वाक्य आपण इथे लिहायला नको होते.

जुना_वेदीसेवक | ३१ मार्च, सकाळी ९.३४

चला, यंदा माझी चार वाक्ये झाली.

पानमळा | ३१ मार्च, दुपारी २.००

कागद मुलांनी पेन्सिलीने लिहावेत, घरी नेऊन स्वतः फाडावेत आणि आईवडिलांना दाखवू नयेत असे मी वर्गात सांगितले आहे. बावीस जणांनी तसे करण्याचे कबूल केले. तेविसाव्या मुलाच्या आईने मात्र त्याची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून लॅमिनेट करून पाठवली आहे, आणि मी विचारले तेव्हा, पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल, असे त्या म्हणाल्या.